उपासनेतील बाह्य सौंदर्य आणि अंतःसाधना : बाराव्या शतकातील दोन मठाधिपती

१

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित झालेला दिसतो. ईश्वराची खरी उपासना अंतःकरणात घडते, हे एकदा मान्य केल्यावर उत्तुंग देवालये, रंगीत काचा, सोन्याचे क्रूस आणि रत्नजडित पात्रे यांचे प्रयोजन काय? आठव्या व नवव्या शतकांत बायझंटाईन साम्राज्यात या प्रश्नाने मूर्तिभंजनाचे रूप घेतले. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारणेच्या काळी उत्तर युरोपातील अनेक चर्चमधील प्रतिमा याच प्रश्नापायी फोडल्या गेल्या. या दोन प्रक्षोभांच्या मधल्या काळात, बाराव्या शतकातील फ्रान्समध्ये, त्याच प्रश्नाची जी चर्चा झाली ती मात्र वेगळ्या जातीची होती. तीत हातोडा कोणी उचलला नाही. दोन्ही पक्ष एकाच चर्चचे, एकाच बेनेडिक्टच्या नियमाने बांधलेले आणि एकमेकांना ओळखणारे होते. म्हणूनच प्रश्नाचे मर्म त्या चर्चेत अधिक स्वच्छपणे उघड होते.

या चर्चेतील एका पक्षाचा प्रतिनिधी म्हणून क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड आणि दुसऱ्याचा म्हणून सँ-दनीचा मठाधिपती स्यूझेर यांची नावे घेण्याचा प्रघात आहे. पहिला वैराग्याचा कैवारी, दुसरा वैभवाचा. पहिला अंतरंगाचा, दुसरा बहिरंगाचा, अशी त्यांची वाटणी सामान्यतः केली जाते. ही वाटणी सोयीची आहे, परंतु मूळ लेखनाच्या कसोटीवर ती पुरती टिकत नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न पुढील विवेचनात केला आहे.

२

इ. स. १०९८ मध्ये मोलेमच्या रॉबर्टने बर्गंडीतील सितो येथे एक नवा मठ स्थापन केला. बेनेडिक्टचा नियम कसलीही सवलत न घेता पाळावा, अंगमेहनतीने जगावे आणि जनवस्तीपासून दूर राहावे, हा त्यामागील संकल्प होता. १०९० मध्ये जन्मलेला बर्नार्ड हा एका सरदार घराण्यातील तरुण १११३ च्या सुमारास आपल्या सुमारे ३० आप्तमित्रांसह या मठात दाखल झाला. १११५ मध्ये त्याला क्लेअरव्हो येथील नव्या मठाचा अधिपती नेमण्यात आले. ११५३ मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हा सितोच्या पंथाचे तीनशेहून अधिक मठ युरोपभर पसरले होते.

या नव्या पंथाच्या शेजारीच क्लूनीचा जुना मठ उभा होता. ९१० मध्ये स्थापन झालेल्या या मठाने दीर्घ व भव्य उपासनाविधी हेच साधूचे मुख्य कर्म मानले होते. १०८८ मध्ये तेथे तिसऱ्या चर्चचे बांधकाम सुरू झाले. सुमारे १८७ मीटर लांबीचे हे चर्च रोममधील नवे सेंट पीटर उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे होते. सितोच्या साधूंनी क्लूनीकरांवर शैथिल्याचा आरोप करावा आणि क्लूनीकरांनी सितोकरांना ढोंगी म्हणावे, असा क्रम काही वर्षे चालला. बर्नार्डने आपला मित्र सँ-तिएरीचा मठाधिपती विल्यम याला उद्देशून ११२५ च्या सुमारास ‘आपोलोगिया’ नावाचे जे पत्ररूप प्रकरण लिहिले त्याची ही पार्श्वभूमी होय.

या प्रकरणाचा केवळ उत्तरार्धच बहुधा उद्धृत होतो. पूर्वार्ध वाचला म्हणजे बर्नार्डचे म्हणणे निराळ्या प्रकाशात दिसू लागते. त्याचा पहिला प्रहार स्वतःच्याच पंथातील निंदकांवर आहे. आपण जाडेभरडे नेसतो आणि रूक्ष अन्न खातो म्हणून इतरांपेक्षा श्रेष्ठ ठरलो, असे मानणाऱ्या साधूला तो बजावतो की उंची कातडी वस्त्र पांघरणारा विनम्र साधू हा साध्या अंगरख्यातील गर्विष्ठ साधूपेक्षा बरा. बाह्य दारिद्र्य हे आंतरिक विनयाचे प्रमाणपत्र नव्हे, हा सिद्धांत बर्नार्डने सोन्यावर टीका करण्यापूर्वीच मांडून ठेवला आहे.

त्यानंतर येते ती प्रसिद्ध टीका. तीत तीन आक्षेप एकमेकांत गुंफलेले आहेत. पहिला आक्षेप चित्ताच्या विक्षेपाचा. मठाच्या ओवरीत वाचन करणाऱ्या साधूंच्या डोळ्यांपुढे वानर, सिंह, नरतुरंग, लढणारे योद्धे आणि शिंगे फुंकणारे शिकारी कोरलेले असतील, तर त्यांचे मन ग्रंथात न रमता दगडात रमेल, असे तो म्हणतो. दुसरा आक्षेप लोभाचा. रंगविलेल्या संतप्रतिमेपुढे भाविक मोहून जातो आणि दान देतो. म्हणजे येथे खर्च हा मिळकतीसाठी केला जातो आणि धन धनाला ओढून आणते. तिसरा आक्षेप सर्वांत तीव्र आहे. चर्चच्या भिंतींना सोन्याचा मुलामा चढतो आणि चर्चची लेकरे उघडी राहतात. श्रीमंतांच्या डोळ्यांचे पारणे फिटते ते गरिबांच्या वाट्याचे काढून घेऊन. प्रकरणाच्या या भागाचा शेवटही खर्चाच्या मुद्द्यावरच होतो. मूर्खपणाची लाज वाटत नसली तरी निदान पैशाची तरी खंत वाटावी, अशी त्याची अपेक्षा आहे.

तथापि या टीकेला बर्नार्डने स्वतःच एक मर्यादा घातली आहे. बिशपांची गोष्ट वेगळी, असे तो स्पष्ट सांगतो. त्यांच्यावर ज्ञानी व अज्ञानी अशा सर्वांचा भार असतो. इंद्रियगोचर वस्तूंवाचून ज्यांची भक्ती जागी होत नाही अशा लोकांसाठी त्यांनी देवालये सजविली तर ते समजण्यासारखे आहे. जगाचा त्याग करून आलेल्या साधूंना मात्र ही सबब उपलब्ध नाही. म्हणजे बर्नार्डचा विरोध सौंदर्याला सरसकट नसून साधकाच्या विशिष्ट अवस्थेत त्याच्या आश्रयाला जाण्यास आहे.

३

स्यूझेरचा जन्म १०८१ च्या सुमारास सामान्य कुटुंबात झाला. लहानपणीच त्याला पॅरिसच्या उत्तरेस असलेल्या सँ-दनीच्या मठात अर्पण करण्यात आले आणि ११२२ मध्ये तो त्या मठाचा अधिपती झाला. हा मठ फ्रान्सच्या राजांचे दफनस्थान व राज्याच्या संरक्षक संताचे अवशेष जपणारे तीर्थ होता. राजकारण आणि यात्रा या दोहोंची वर्दळ तेथे अखंड असे. ११२७ च्या सुमारास स्यूझेरने मठाच्या शिस्तीत सुधारणा घडवून आणली. त्याबद्दल बर्नार्डने त्याला अभिनंदनाचे पत्र लिहिले; त्याच पत्रात पूर्वीच्या डामडौलाचा व ओवरीत चालणाऱ्या दरबारी व्यवहारांचा उल्लेख करण्यासही तो विसरला नाही. दोघांचे संबंध पुढेही सलोख्याचे राहिले.

चर्चच्या पुनर्बांधणीचे काम मात्र या पत्रानंतरचे आहे. पश्चिम दर्शनी भागाचे पवित्रीकरण ९ जून ११४० रोजी झाले. १४ जुलै ११४० रोजी पूर्वेकडील नव्या भागाचा पाया घातला गेला आणि ११ जून ११४४ रोजी राजा सातवा लुई याच्या उपस्थितीत त्याचे पवित्रीकरण झाले. टोकदार कमानी, फासळीयुक्त घुमट आणि रंगीत काचांच्या विस्तृत खिडक्या यांचा तेथे जो एकत्र मेळ साधला त्यात गॉथिक शैलीचा प्रारंभ पाहण्याची इतिहासकारांची प्रथा आहे. हे कालक्रमाचे तपशील महत्त्वाचे आहेत. ‘आपोलोगिया’ हे प्रकरण या बांधकामापूर्वी सुमारे पंधरा वर्षे लिहिले गेले; तेव्हा त्यातील टीका सँ-दनीच्या या चर्चला उद्देशून असणे शक्य नाही. उलट स्यूझेरनेही आपल्या समर्थनात बर्नार्डचे नाव घेतलेले नाही. दोघांतील ‘वाद’ हा अशा रीतीने दोन स्वतंत्र लेखनांच्या तुलनेतून उभा राहिलेला आहे.

स्यूझेरने आपल्या कार्याचा वृत्तांत दोन लॅटिन ग्रंथांत दिला आहे. एक मठाच्या कारभारासंबंधी, दुसरा चर्चच्या पवित्रीकरणासंबंधी. पुनर्बांधणीचे पहिले कारण तो अगदी व्यावहारिक सांगतो. उत्सवाच्या दिवशी जुन्या अरुंद चर्चमध्ये इतकी गर्दी होई की स्त्रियांना पुरुषांच्या डोक्यांवर पाय देऊन वेदीकडे जावे लागे आणि अवशेष दाखविणाऱ्या साधूंना ते घेऊन खिडक्यांतून पळ काढावा लागे. वर्णनात अतिशयोक्ती असली तरी गरज खरी होती.

दुसरे कारण तात्त्विक आहे. सोनेरी मुलाम्याच्या पंचरशी दरवाजांवर त्याने जे पद्य कोरविले त्यात प्रेक्षकाने सोन्याचे व खर्चाचे कौतुक न करता कारागिरीचे करावे, आणि त्या कृतीच्या तेजाने मन उजळून खऱ्या प्रकाशाकडे जावे, असा आशय आहे. अन्यत्र तो आपला अनुभव सांगतो. वेदीवरील रत्नांचे बहुविध रंग न्याहाळताना बाहेरच्या विवंचना गळून पडत. धड पृथ्वीच्या चिखलात नाही आणि धड स्वर्गाच्या शुद्धतेत नाही अशा कोणत्या तरी प्रदेशात आपण वावरत आहोत असे वाटे. आणि ईश्वराच्या कृपेने या खालच्या लोकातून वरच्या लोकात आपण नेले जाऊ शकतो अशी प्रतीती येई.

आक्षेपकांचे म्हणणे स्यूझेरला ठाऊक होते. पवित्र मन, निर्मळ हृदय आणि श्रद्धायुक्त हेतू एवढे उपासनेस पुरे, असे ते म्हणत. हे सर्व मुख्य आहे, असे स्यूझेर निःशंकपणे मान्य करतो. मात्र जुन्या करारात पशूंचे रक्त झेलण्यासाठी सोन्याची पात्रे वापरली जात असतील, तर ख्रिस्ताच्या रक्तासाठी मिस्सेत वापरावयाची पात्रे त्याहून मूल्यवान असावीत, हा त्याचा युक्तिवाद आहे. आतील शुद्धता आणि बाहेरील उदात्तता या दोहोंनी सेवा करावी, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्याच्या या प्रसिद्ध समर्थनात गरिबांच्या वाट्याविषयीच्या आक्षेपाला मात्र थेट उत्तर नाही. त्याच्या भूमिकेतील सर्वांत दुर्बळ जागा हीच होय.

४

मराठी वाचकाला येथे सगुण व निर्गुण उपासनेच्या चर्चेची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य फार ताणता येत नाही. ईश्वराने मानवी देह धारण केला आणि भाकर व द्राक्षारस या दृश्य द्रव्यांतून तो कृपा करतो, हे बर्नार्ड व स्यूझेर दोघांनाही सारखेच मान्य होते. दृश्याचे अदृश्याशी नाते आहे की नाही, हा त्यांच्यापुढील प्रश्न नव्हता. दृश्य वस्तू पाहणाऱ्याच्या मनाचे काय करते, आणि कोणत्या मनाचे काय करते, हा होता.

या ठिकाणी दोघांची परिभाषा पाहणे उद्बोधक ठरते. बर्नार्डच्या टीकेच्या मुळाशी ‘क्युरिओसितास’ हा शब्द आहे. ‘क्युरा’ म्हणजे काळजी किंवा आस्था. त्यापासून साधलेल्या या शब्दाला मठीय नीतिशास्त्रात अस्थानी खर्च होणारी आस्था, नजरेचे भटकणे, असा अर्थ प्राप्त झाला होता. विनय व गर्व यांच्या पायऱ्यांवरील आपल्या ग्रंथात बर्नार्डने गर्वाची पहिली पायरी म्हणून हाच दोष सांगितला आहे. म्हणजे ओवरीतील शिल्पांना त्याने केलेला विरोध हा अभिरुचीचा विषय नसून त्याच्या अध्यात्मशास्त्राचा भाग आहे. ज्याची नजर बाहेर गेली तो स्वतःला विसरला, आणि जो स्वतःला विसरला तो पडू लागला, अशी ही विचारसरणी आहे.

स्यूझेरचा आधारभूत शब्द ‘अ‍ॅनागॉगिकुस’ हा आहे. ग्रीक धातूंवरून त्याचा अर्थ ‘वर नेणारा’ असा होतो. या शब्दामागे पाचव्या-सहाव्या शतकांच्या संधिकालातील एका अज्ञात ग्रीक लेखकाची परंपरा उभी आहे. हा लेखक पौलाचा अथेन्समधील शिष्य दिओनिसिउस या नावाने लिहीत असे. आणि पॅरिसचा हुतात्मा संत दनी हाच तो, अशी समजूत सँ-दनीच्या मठात रुजली होती. ८२७ मध्ये बायझंटाईन सम्राटाने त्याच्या ग्रंथांचे हस्तलिखित फ्रँकांच्या सम्राटाला भेट दिले आणि ते याच मठात ठेवण्यात आले. हे कर्तृत्व खोटे असल्याचा संशय पंधराव्या शतकात लोरेन्झो व्हाला याने व्यक्त केला आणि १८९५ मध्ये तो सप्रमाण सिद्ध झाला. एर्व्हिन पानोफ्स्की यांनी १९४६ मध्ये स्यूझेरचे ग्रंथ संपादित करताना त्याच्या वास्तूमागे हेच प्रकाशविषयक तत्त्वज्ञान असल्याचे प्रतिपादन केले. पीटर किडसन यांनी १९८७ मध्ये त्यावर शंका घेतली आणि स्यूझेरला तत्त्वज्ञ मानण्यास नकार दिला. स्यूझेरने ते ग्रंथ कितपत अभ्यासले होते याविषयी मतभेद असले तरी ‘वर नेणे’ ही कल्पना त्याच्या लेखनात स्पष्टपणे आलेली आहे, यात वाद नाही.

दोन्ही शब्द एकत्र ठेवले म्हणजे मतभेदाची नेमकी जागा सापडते. दोघांच्याही मते मनाला गती असते. बर्नार्डच्या मते सुंदर वस्तूपाशी ती गती अडते. स्यूझेरच्या मते ती तेथून सुरू होते. बर्नार्ड असे साहाय्य केवळ अप्रगत जनांना देऊ इच्छितो. स्यूझेर मात्र रत्नांपुढे झालेला आपला अनुभव एका मुरलेल्या साधूचा अनुभव म्हणून सांगतो. खरा विरोध आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही.

५

प्रत्यक्ष आचरणाकडे वळल्यास वाटणी आणखीच गुंतागुंतीची होते.

स्यूझेरने वेदीसाठी एक मोठा सुवर्ण क्रूस घडविला. त्यासाठी रत्नांचा तुटवडा पडला असता तीन मठांतील साधू आपणाजवळची रत्ने विकावयास घेऊन आले, असे तो सांगतो. त्यांत एक मठ फाँतव्रोचा होता. उरलेले दोन मठ सितोच्या पंथाचे, त्यांतील एक तर प्रत्यक्ष सितो. त्यांना ती रत्ने दान म्हणून मिळाली होती. स्यूझेरने त्यांस ४०० पौंड दिले आणि ईश्वराचे आभार मानले, कारण रत्नांची किंमत त्याहून पुष्कळ अधिक होती. ज्यांना रत्ने नकोत त्यांच्याच हातून ती क्रूसावर गेली.

याच स्यूझेरविषयी त्याचा चरित्रकार विल्यम सांगतो की त्याने स्वतःसाठी अवघी १० फूट रुंद व १५ फूट लांब अशी खोली ठेवली होती आणि तो गवताच्या शय्येवर निजत असे. क्लूनीचा मठाधिपती पीटर याने ती खोली पाहून, हा मनुष्य आपल्यासारखा स्वतःसाठी बांधीत नाही, केवळ ईश्वरासाठी बांधतो, असे उद्गार काढल्याची नोंद आहे. चरित्रकाराची भक्ती लक्षात घेऊनही हे मान्य करावे लागते की सुवर्णाचा भोक्ता म्हणून त्याची संभावना करणे न्याय्य नाही.

सितोच्या पक्षीही अशीच विसंगती आढळते. पंथाच्या नियमांनी शिल्पे व चित्रे निषिद्ध ठरविली, खिडक्यांच्या काचा बिनरंगी असाव्यात आणि हस्तलिखितांतील आद्याक्षरे एकाच रंगात असावीत असे फर्माविले. परंतु ११११ मध्ये सितो येथेच पूर्ण झालेल्या, ईयोबाच्या ग्रंथावरील पोप ग्रेगरीच्या भाष्याच्या हस्तलिखितात आद्याक्षरे झुंजणारे वीर, अक्राळविक्राळ प्राणी आणि शिकारीची दृश्ये यांनी सजविलेली आहेत. ते आज दिजाँ येथे जतन केलेले आहे. ११३५ च्या सुमारास क्लेअरव्होचा मठ अपुरा पडू लागला तेव्हा नव्या बांधकामास बर्नार्डने प्रथम विरोध केला. खर्च झालेला पैसा आणि लोकांत होणारी चंचलतेची टीका त्याला नको होती. अखेर वाढती संख्या पाहून त्याला संमती द्यावी लागली.

सर्वांत लक्षणीय विसंगती भाषेची आहे. दगडातील अलंकार बर्नार्डने नाकारला. परंतु त्याच्या लॅटिन गद्याइतके अलंकृत गद्य त्या शतकात विरळाच. अनुप्रास, यमक, समतोल वाक्यखंड आणि विरोधाभास यांची त्याला विलक्षण हौस होती. ओवरीतील विचित्र आकृतींचा निषेध करताना ‘फोर्मा’ या एकाच शब्दापासून निघालेले सुरूपतेचे व विरूपतेचे शब्द तो शेजारी शेजारी बसवितो आणि त्या आकृतींचे वर्णन इतक्या बारकाईने करतो की त्या काळच्या शिल्पाचे इतके जिवंत वर्णन दुसरीकडे क्वचितच सापडते. मेयर शापिरो यांनी १९४७ मध्येच या गोष्टीकडे लक्ष वेधले होते. मंदिरातील सोन्यावर टीका करताना तर तो पर्सिउस या रोमन कवीची ओळ हाती घेतो आणि तीतील ‘पुरोहित’ या शब्दाच्या जागी ‘दरिद्री’ हा शब्द घालून साधूंना त्यांच्या व्रताची आठवण देतो. ज्याने नजर झाकली त्याने कान उघडा ठेवला होता. ‘गीतरत्न’ या ग्रंथावर ११३५ पासून अखेरपर्यंत त्याने रचलेली ८६ प्रवचने याची साक्ष आहेत. आंतरिक अनुभव इतरांपर्यंत पोहोचवावयाचा तर त्याला काही एक रूप द्यावेच लागते. बर्नार्डने ते शब्दांचे दिले.

६

पुढील इतिहासाने दोन्ही पक्षांची कसून परीक्षा घेतली. सँ-दनीचे पंचरशी दरवाजे आणि तो सुवर्ण क्रूस यांपैकी आज काही उरलेले नाही. स्यूझेरने जुन्या सार्डोनिक्सच्या पात्रास सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची बैठक चढवून करविलेला मिस्सेचा प्याला वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे आणि गरुडाकृती पात्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. क्लूनीचे महाचर्च फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पाडले गेले आणि त्याचा अल्प भागच शिल्लक राहिला. क्लेअरव्होच्या वास्तूचे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तुरुंगात रूपांतर झाले. तो तुरुंग २०२३ मध्ये बंद झाला. सितोच्या पंथाचे ११४७ मध्ये पवित्रीकरण झालेले फोंतने येथील चर्च मात्र टिकून आहे. शिल्पे नाहीत, चित्रे नाहीत, मनोरा नाही; केवळ दगड, प्रमाणबद्धता आणि खिडक्यांतून येणारा पांढरा प्रकाश. १९८१ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. त्याचे साधेपण पाहण्यासाठी आज दूरदूरचे प्रवासी येतात.

या शेवटच्या घटनेत प्रश्नाचे मर्म सामावले आहे. अलंकाराचा त्याग हाही कालांतराने एक अलंकार बनतो आणि उघडी भिंतही नजरेला खिळवून ठेवू शकते. बर्नार्डने ज्या ‘क्युरिओसितास’ला दाराबाहेर ठेवले ती आज त्याच्याच पंथाच्या चर्चमध्ये छायाचित्रे घेत उभी असते. तेव्हा सोन्याच्या असण्यावरून अंतःकरणाच्या कोरडेपणाचे अनुमान करणे जितके चुकीचे, तितकेच सोन्याच्या नसण्यावरून अंतःकरणाच्या समृद्धीचे अनुमान करणे चुकीचे आहे. आणि हे बर्नार्डने कातडी वस्त्राच्या व साध्या अंगरख्याच्या दृष्टांताने स्वतःच सांगून ठेवले होते.

याचा अर्थ दोन्ही भूमिका सारख्याच योग्य होत्या असा मात्र नव्हे. पाहणाऱ्याचे मन अडते की वर जाते, या मुद्द्यावर निर्णय देणे इतिहासाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ज्याचा त्यालाच ते ठाऊक. परंतु वेदीवर चढलेले सोने कोणाच्या वाट्याचे होते, हा प्रश्न अंतरंगाचा नाही. तो हिशेबाचा आहे व त्याचे उत्तर मागता येते. बर्नार्डने तो प्रश्न विचारला. स्यूझेरच्या सुंदर ग्रंथांत त्याचे उत्तर मिळत नाही. उपासनेतील सौंदर्याचे समर्थन करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला, स्यूझेरने दिलेली सर्व कारणे मान्य करूनही, त्या एका प्रश्नापुढे थांबणे भाग आहे.